खारीचा वाटा आणि कूपमंडूक

मराठी भाषेने दोन लहान जीवांचा न्यायनिवाडा फार पूर्वीच करून टाकला आहे. सेतुबंधनाच्या वेळी वाळूत लोळून, अंगाला चिकटलेले कण समुद्रात झटकणाऱ्या खारीची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली, आणि त्या कथेतून 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग आपल्या नित्याच्या बोलण्यात येऊन बसला. मंगल कार्यात अकरा रुपयांचा आहेर करणारा गृहस्थही नम्रपणे म्हणतो, 'आमचा आपला खारीचा वाटा.' बेडकाच्या पदरी मात्र 'कूपमंडूक' ही शिवी पडली. विहिरीलाच विश्व मानणारा, संकुचित दृष्टीचा, आपल्याच आवाजावर खूश असणारा, असा त्याचा लौकिक. एकीला रामचंद्रांच्या बोटांचा स्पर्श आणि दुसऱ्याला विहिरीचा तळ, अशी ही वाटणी आहे.

प्राचीनांनी मात्र बेडकाला इतके हीन लेखलेले नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त हे मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. वर्षभर मौन पाळून पर्जन्यकाळी कंठ फुटलेल्या बेडकांची तुलना त्या सूक्तात वेदपाठी ब्राह्मणांशी केली आहे. एकाने ओरडावे आणि दुसऱ्याने त्याचीच री ओढावी, हे पाहून सूक्तकाराला गुरूपाठोपाठ घोकणारे शिष्य आठवले. आम्हांस शिक्षकी पेशात इतकी वर्षे गेल्यावर ही उपमा किती अचूक आहे ते निराळे सांगावयास नको. पण ते सूक्त पोथीत राहिले आणि कूपमंडूक बोलण्यात राहिला.

आज या दोन जीवांची आठवण होण्याचे कारण असे की, आमच्या सह्याद्रीत या दोघांचेही एकेक थोर प्रतिनिधी नांदत आहेत. खारीच्या बाजूने शेकरू, आणि बेडकाच्या बाजूने आंबोलीचा झुडुपी बेडूक. या दोघांना शेजारी शेजारी बसवून पाहिले म्हणजे आपल्या प्रेमाची आणि आपल्या दुर्लक्षाची रीत चांगली उमगते.

येथे एक खुलासा आधीच करून ठेवतो. आमच्या दादरा नगर हवेलीतही आंबोली नावाचे एक गाव आहे, आणि आम्ही किलवणीकर त्या नावाशी चांगले परिचित आहोत. परंतु ज्या बेडकाविषयी आम्ही लिहीत आहो त्याची आंबोली ही नव्हे. ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर सुमारे सातशे मीटर उंचीवर वसलेली आहे. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणारी ही भूमी. धुके इतके की चार हातांवरचा माणूस दिसू नये, आणि ओल इतकी की दगडालाही हिरवळ फुटावी. याच परिसरात हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. बेळगावकडे जाणाऱ्या वाचकांपैकी कित्येकांनी हा घाट ओलांडला असेल.

प्रथम शेकरूचा परिचय करून घेऊ. शेकरू म्हणजे आपल्या अंगणातील खारीची थोरली बहीण. पण थोरली म्हणजे किती थोरली! नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तिचे शरीर सव्वा फुटाच्या घरात जाते, आणि शेपूट त्याहूनही लांब. वजन दीड ते दोन किलो. पाठीवर तांबूस-तपकिरी झळाळी, पोटाकडे पिवळसर पांढरा रंग, कानावर केसांचे झुबके आणि झुपकेदार शेपूट. रामाच्या बोटांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या तीन रेघा मात्र हिच्या पाठीवर नाहीत. शेकरू दिवसा हिंडते, फळे, फुले, बिया आणि झाडाची साल खाते, आणि जमिनीवर क्वचितच उतरते. उंच झाडांच्या बेचक्यांत काटक्या आणि पानांची गोल घरटी ती बांधते, आणि तीही एकच नव्हे, तर जवळपासच्या झाडांवर दोन-चार. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरांची झेप घेताना तिला पाहणे हा एक सोहळाच आहे.

हिचे भाग्यही तसेच थोर. महाराष्ट्र शासनाने शेकरूला राज्यप्राण्याचा मान दिला. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, ते मुख्यतः हिच्याचसाठी. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. फार पूर्वी, १८३१ साली, साइक्स या निसर्ग-अभ्यासकाने पश्चिम घाटातील शेकरूचे वर्णन केले, तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. म्हणजे इंग्रजी अमदानीत गव्हर्नरसाहेबांचे नाव, आणि स्वराज्यात राज्यप्राण्याचे पद. एका रानटी खारीने याहून अधिक काय मिळवावे?

आता दुसऱ्या पाहुण्याकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांच्या न्हाणीघरात पावसाळ्यात भिंतीला चिकटून बसलेला एक फिकट तपकिरी झाडबेडूक येतो, आणि घरातील स्त्रीवर्ग त्याच्या नावाने हाकाटी करतो. तो सर्वत्र आढळणारा आहे. टाकीच्या वर फेसाचे घरटे करणारा, माणसाच्या संगतीला सरावलेला. आंबोलीचा झुडुपी बेडूक हा त्याच मोठ्या कुळातला, पण स्वभावाने अगदी वेगळा. आकाराने अंगठ्याएवढा. बोटांच्या टोकांना बारीक चकत्या, त्यांच्या आधाराने तो पानाला व फांदीला धरून बसतो. दिवसा पाचोळ्यासारखा दिसतो आणि पावसाळी रात्री झुडपातून साद घालतो. सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बोसुई या शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला आंबोलीचेच नाव दिले. म्हणजे शेकरूची ओळख जगाला होऊन पावणेदोनशे वर्षे लोटल्यानंतर या शेजाऱ्याचे बारसे झाले. जागतिक निसर्ग-संवर्धन संघाच्या लाल यादीने त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात घातले. त्यापुढची पायरी म्हणजे रानातून नाहीसे होणे.

दोघांत साम्य काय, हे आधी पाहावे. दोघेही वृक्षवासी. दोघेही भारताबाहेर कोठेही न सापडणारे. आंबोलीच्या अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या रानात दोघेही राहतात. वरच्या मजल्यावर शेकरू, आणि तळमजल्याच्या झुडपात बेडूक, जणू एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडे. झाड तोडले की दोघांच्याही घरावर कुऱ्हाड पडते. येथवर दोघांचे दुःख सारखेच आहे.

फरक आहे तो यानंतर. शेकरू सस्तन प्राणी आहे. तिच्या अंगावर केसांची दुलई आहे, रक्त उबदार आहे, आणि पिलांना ती दूध पाजते. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली तरी तिला काही काळ निभावून नेता येते. बेडकाची गोष्ट वेगळी. त्याची कातडी म्हणजे केवळ पांघरूण नव्हे. तिच्यातून तो श्वासही घेतो आणि पाणीही पितो. तोंडाने घोट घेणे त्याला ठाऊक नाही. साहजिकच हवेतील ओल हेच त्याचे अन्न-पाणी म्हणावयास हरकत नाही. आणि पाण्यात किंवा पानावर जे विष पडेल तेही त्याच कातडीवाटे आत जाते. आंब्या-काजूच्या बागेत मारलेल्या औषधाचा फवारा आपल्याला वासावरून कळतो. बेडकाला तो अंगावरून कळतो.

दुसरा फरक संततीचा. बहुतेक बेडकांची अंडी पाण्यात, मग शेपटीवाले भैरे, मग पाय फुटून बेडूक, हा क्रम आपण शाळेत फळ्यावर काढून शिकविला. आंबोलीच्या या बेडकाच्या गणातील जीवांनी हा क्रमच मोडला आहे. त्यांना डबके लागत नाही. ओलसर मातीत किंवा पानावर घातलेल्या अंड्याच्या आतच शेपटीची अवस्था पार पडते, आणि अंड्यातून बाहेर येतो तो नखाएवढा का होईना, पण पूर्ण बेडूक. ही सोय मोठी दिसते. परंतु सोयीबरोबर एक अट येते. ते अंडे कितीतरी दिवस ओले राहिले पाहिजे. रस्ता रुंद करण्यासाठी कडेचे चार वृक्ष गेले, उघड्यावरून वारा आत शिरला आणि पाचोळा वाळला, की झाडीचा मोठा पट्टा नकाशावर हिरवाच राहतो, पण त्याच्या कडेला बेडकाची पुढची पिढी सुकून जाते. शेकरूसाठी रान म्हणजे झाडांची अखंड रांग. बेडकासाठी रान म्हणजे त्या रांगेखालची ओली सावली.

तिसरा फरक घराच्या विस्ताराचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. शेकरू एका गावाची नाही. सह्याद्रीत दक्षिणोत्तर, सातपुड्यात, मेळघाटात, पूर्व घाटात ती विखुरलेली आहे. म्हणून लाल यादीत तिचा वर्ग 'किमान चिंतेचा' आहे, जरी तिची संख्या घटत असल्याचे तेथेच नमूद केले आहे. आंबोलीचा बेडूक मात्र आंबोलीत आणि तिच्या दक्षिणेस सह्याद्रीतील थोड्या जागी आहे, इतकेच. एखाद्या कुटुंबाची शेती चार गावांत असली तर एका गावचे पीक बुडाले तरी घर तरते. ज्याचे एकच शेत आहे त्याला एकच अवकाळी पाऊस पुरतो.

या बेडकाच्या कुळाची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष रुचेल. त्याचे बहुतेक भाऊबंद समुद्रापलीकडे, श्रीलंकेत आहेत. त्या गणाच्या भारतात असलेल्या जाती तीनच. शास्त्रज्ञांचे मत असे की, पुरातन काळी समुद्र उथळ होऊन जमीन उघडी पडली असता त्यांचे पूर्वज लंकेतून इकडे आले आणि सह्याद्रीत स्थिरावले. रामकथेतील खार लंकेला जाणाऱ्या सेतूसाठी वाळू वाहत होती, आणि हा बेडूक लंकेहून उलट वाटेने आला! मूळ गावापासून दूर, नव्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आम्हां मंडळींना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्या मूळ घरची वार्ता दुःखाची आहे. श्रीलंकेतील त्याच्या भाऊबंदांपैकी डझनाहून अधिक जाती कायमच्या नष्ट झाल्या आहेत. जुन्या संग्रहालयांतील बाटल्यांत त्यांचे नमुने आहेत. रानात ते नाहीत.

हा विषय आम्ही आमच्या शाळेतही मांडून पाहिला. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने वरच्या वर्गातील मुलांसमोर शेकरूचे आणि या बेडकाचे चित्र ठेवले, दोघांची माहिती सांगितली, आणि विचारले की, शासनाकडे पैसा एकाचेच रक्षण करण्यापुरता असेल तर तो कोणासाठी खर्च करावा? आमच्या वर्गातील पुष्कळशी मुले वारली आणि कोकणा समाजाची. रानाशी त्यांचे नाते आमच्यापेक्षा जुने आहे. तरीही जवळजवळ साऱ्या वर्गाने हात वर केले ते शेकरूसाठी. कारणे विचारता ती सरळ होती. ती सुंदर आहे. तिचे डोळे माणसासारखे आहेत. ती पिलांना दूध पाजते. ती दिसते.

मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र हात वर केला नव्हता. ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, शेकरूचं झाड तोडलं तर ती दुसऱ्या झाडावर उडी मारील. बेडकाची ओल गेली तर तो कुठं उडी मारील?" वर्ग क्षणभर गप्प झाला. मग दुसऱ्या रांगेतील एक मुलगा उठला. "पण गुरुजी, दुसरं झाडच नसलं तर?" आम्ही दोघांनाही खाली बसविले आणि निकाल दिला नाही, कारण दोघांचेही म्हणणे खरे होते. या दोन प्रश्नांत या विषयाचा सारा गाभा आला आहे.

मुलाचा प्रश्न आधी घेऊ. शेकरूला दुसरे झाड नसेल तर काय होते, याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. आमच्या हवेलीपासून पूर्वेकडे डांगचे रान आहे. सुरत-डांग म्हणून पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात शेकरूची एक फिकट, जवळजवळ पांढरी उपजात होती. ब्लॅनफर्ड या संशोधकाने १८९७ साली तिची नोंद केली. आज ती नामशेष झाल्याचे मानले जाते. ती केव्हा संपली, शेवटची कोणत्या झाडावरून कोणत्या झाडाकडे झेपावली, हे कोणी लिहून ठेवले नाही. 'किमान चिंता' हा शिक्का संपूर्ण जातीवर असतो. पण जात संपते ती डोंगराडोंगराने, रानारानाने. भीमाशंकरला शेकरू सुखरूप आहे म्हणून डांगची शेकरू परत येत नाही. तेव्हा जिच्यावर सर्वांचे प्रेम आहे तिलाही ते प्रेम सर्वत्र पोहोचत नाही, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता मुलीचा प्रश्न. बेडकांच्या बाबतीत जगभरची स्थिती काय आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचर वर्गातील सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. म्हणजे दर पाच बेडूक-जातींपैकी दोन धोक्यात, आणि तरीही वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते ते वाघाचे. रान तुटणे हे पहिले कारण. हवामानातील बदल हे दिवसेंदिवस बळावणारे कारण. आणि कातडीवर वाढणारी एक बुरशी हे तिसरे. या बुरशीने अमेरिका व ऑस्ट्रेलिया खंडांत बेडकांची कुळेच्या कुळे बुडविली. तिची शास्त्रीय नोंद १९९९ साली झाली, आणि पश्चिम घाटातील बेडकांवरही ती आढळली आहे. ज्या जिवाचे सारे जगणेच कातडीवर अवलंबून, त्याच्या कातडीलाच हा रोग व्हावा, हे दुर्दैव म्हणावे लागेल.

माणसाने बेडकाचा उपयोग कधी ओळखला नाही असे नाही. पावसाने ओढ दिली की धोंडी काढून, बेडकावर पाणी घालीत घरोघर फिरण्याची प्रथा महाराष्ट्रातील खेड्यांत होती. पुढच्या काळात भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार भरभराटीस आला. परदेशी ताटे सजली, पण शेतातील किडे खाणारा फुकटचा राखणदार कमी झाला. अखेर १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर बेडूक हा खारीपेक्षा अधिक मोठा वाटा उचलणारा मजूर आहे. त्याची पाठ मात्र कोणी थोपटली नाही.

मग उपाय काय? येथे आंबोलीनेच एक धडा घालून दिला आहे. तेथील हिरण्यकेशीच्या उगमाशी एका लहान माशाची नवी जात सापडली आणि २०२० साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. क्षेत्र किती? अवघे २.११ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वापाच एकर. भीमाशंकरच्या १३१ चौरस किलोमीटरांपुढे ही जागा म्हणजे अंगणातली रांगोळी. परंतु ज्या जिवाचे घरच एवढे लहान, त्याला एवढे कुंपणही पुरेसे होऊ शकते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने ही सोय करून ठेवली आहे. मोठ्या प्राण्याला मोठे अभयारण्य लागते, आणि ते देताना गावे, शेते, रस्ते यांचे शंभर प्रश्न उभे राहतात. लहान प्राण्याला एखादा ओढा, एखादी देवराई, रस्त्याच्या कडेचा एक ओला पट्टा दिला तरी तो तरतो. कमी खर्चात पूर्ण जात वाचविण्याची अशी संधी सस्तन प्राण्यांच्या बाबतीत फार क्वचित मिळते. 'पैसा एकासाठीच असेल तर' हा आमचा वर्गातील प्रश्न म्हणूनच थोडासा फसवा आहे. बेडकाला हवा तो पैसा शेकरूच्या पैशाच्या मानाने मुळी अल्पच आहे. त्याला अधिक उणीव आहे ती पैशाची नव्हे, दखलेची.

ही दखल घेण्याचे काम मात्र कोणा शास्त्रज्ञावर सोपवून मोकळे होता येणार नाही. त्याच कायद्याने प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयास सांगितले आहे. आपल्या शिवारात कोणते झाड, कोणता पक्षी, कोणता बेडूक आहे, हे गावकऱ्यांनी स्वतः लिहावे, अशी ती कल्पना. आमच्या दादरा नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. त्यातील सुमारे चाळीस टक्के रानाखाली आहे. या एवढ्याशा प्रदेशात आषाढात कोणकोणते आवाज उठतात, याची पूर्ण यादी आमच्या मुलांनी करावी, असा आमचा मनोदय आहे. डांगच्या पांढऱ्या शेकरूसारखी स्थिती आणखी कोणाची होऊ नये, यासाठी पहिली गोष्ट ती करावयाची की, असलेल्याचे नाव असताना लिहून ठेवावे.

वाचकहो, आपण कोणी बडोद्यास असाल, कोणी इंदुरास, कोणी हैदराबादेस. गणपतीला किंवा पावसाळी सुटीत कोकणात उतरण्याची आपली वहिवाट आहे, आणि हल्ली आंबोलीचा धबधबा पाहिल्यावाचून ती सहल पुरी होत नाही. आमची प्रार्थना इतकीच की, त्या घाटात पावसाळी रात्री गाडी हळू हाकावी. ओल्या रस्त्यावर त्या वेळी लहान जीव ओलांडत असतात. मुलांना धबधब्याबरोबर झुडपातील ती सादही ऐकवावी. पिशव्या, बाटल्या, उरलेले खाणे तेथील ओढ्यात टाकू नये. आणि आपल्या स्वतःच्या गावी न्हाणीघरात येणाऱ्या त्या पाहुण्याला केरसुणीने न हाकलता ओंजळीत धरून बाहेरच्या कुंडीत सोडावे. हात मात्र ओले असावेत, कारण कोरड्या हाताने त्याची कातडी सोलवटते. यास धन लागत नाही, सवड लागते.

कूपमंडूक या शब्दाचा एकदा फेरविचार करावा असेही आम्हांस वाटते. विहिरीबाहेरचे जग न पाहणे हा माणसाचा दोष असेल, कारण त्याला पाय आहेत, वाहने आहेत, पुस्तके आहेत. आंबोलीच्या बेडकाला आंबोली हीच विहीर आहे, आणि ती सोडून जाण्याचे साधन त्याला नाही. त्याच्या बाबतीत विहीर हा दोष नव्हे. विहीर बुजविणे हा दोष आहे, आणि तो त्याचा नाही. शेकरूला मिळालेला मान काढून घेण्याची कोणाचीच इच्छा नाही. ती त्या मानाला पात्र आहे, आणि डांगचा अनुभव पाहता तिलाही अधिक राखणीची गरज आहे. परंतु सेतूच्या कथेत रामचंद्रांनी खारीला गोंजारले ते ती सुंदर होती म्हणून नव्हे. वानरवीर पर्वत उचलीत असताना तिच्या चिमूटभर वाळूकडे त्यांचे लक्ष गेले, हा त्या कथेचा अर्थ. ती कथा मुलांना सांगताना आपण खारीवर थांबतो. सह्याद्रीच्या ओल्या झुडपात अंगठ्याएवढा एक जीव तितक्याच निष्ठेने आपला वाटा उचलतो आहे. त्याच्याकडेही लक्ष जावे, आणि त्यासाठी आपण प्रत्येकाने आपला खारीचा वाटा उचलावा, एवढेच या महिन्याचे मागणे.